बिनचावीची यामाहा

पेण, दि. २४ जुलै १९९६

मी, अमोल रघू मोकल, वय २९ वर्षे, धंदा गणपतीच्या मूर्ती रंगवणे, राहणार कुंभार आळी, पेण, जिल्हा रायगड, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर असून मला विचारले त्यावरून सांगतो ते असे की,

वरील पत्त्यावर मी आई व बहिणीसह राहतो. आळीतच बायजाबाई म्हात्रे यांच्या मूर्तींच्या कारखान्यात कामास आहे. माझ्याकडे डोळ्यांची आखणी असते. मूर्तीला बाकीचे रंग लागून झाले की शेवटी डोळे आखतात, ते काम माझे. सध्या सीझन चालू आहे.

गेल्या वर्षी धाटावच्या एका कंपनीच्या गणपतीचे माप घेण्यास गेलो असता रोह्यातील मेकॅनिक विठू यांच्या गॅरेजात मी एक यामाहा आरएक्स हंड्रेड पाहिली होती. तिचे हँडल खाली टाकलेले होते, सायलेन्सर बदललेला होता व सिलेंडर आतून घासून मोकळा केलेला होता. हर्षद नावाच्या मुलाने ती माझ्यासमोर चालू केली. तो आवाज मला फार आवडला. गाडी घेण्याचे दुसरे कारण नाही, कामावर मी चालतच जातो.

यंदा मे महिन्यात विठू यांनी निरोप पाठवला की ती गाडी विकायची आहे. त्यावरून मी तळेवाडी, तालुका रोहा येथे गेलो. हर्षदचे वडील गोविंदा दाजी खरिवले, धंदा शेती, हे घरी होते. गाडी घेतली तेव्हा हर्षद अठरा वर्षांचा नव्हता, म्हणून ती वडिलांच्या नावावर आहे. गाडी गोठ्यात बैलाच्या शेजारी उभी होती व चाकांखाली गोणपाट घातलेले होते.

गोविंदा यांनी मला किमतीच्या आधी दुसरेच प्रश्न विचारले. "नेऊन बांधणार कुठं?" मी म्हणालो, पडवीत. "पावसात ठेवू नको. हाकायची सवय हाय का?" मी म्हणालो, लुना आहे माझ्याकडे. त्यावर ते म्हणाले, "लुना म्हंजे शेळी रे. ही मारकी हाय. माझ्या पोराचा पाय मोडला हिनं."

हर्षद हा धाटावला कंपनीत आहे. शिफ्टला जाताना वळणावर घसरून त्याच्या पायात सळी घालावी लागली, तो डोंबिवलीस मामाकडे आहे, असे त्यांनी सांगितले. "तो यायच्या आत तू हिला ने." त्याला विचारलेत का, असे मी म्हणालो. गोविंदा म्हणाले, "गाडी माझ्या नावावर हाय." हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, पण ते दाराकडे तोंड करून उभे राहिले, म्हणून मी पुन्हा विचारले नाही.

व्यवहार ठरून पैसे रोख दिले. गाडीच्या नोंदणीचे पुस्तक हर्षदच्या पेटीत होते व पेटीला कुलूप होते. तो आला की पुस्तक देतो, असे गोविंदा म्हणाले. त्यांची पत्नी सरू यांनी बाहेर येऊन हेडलाइटला हळदकुंकू लावले व चाकापुढे भाताची मूठ ठेवली. त्यांचे डोळे पाणावले होते. मग मी चावी मागितली.

गोविंदा यांनी चावी देण्यास साफ नकार दिला. ते म्हणाले, "जनावर इकलं तरी दावं देत नाय आम्ही. दावं गेलं की गोठ्याची लक्ष्मी जाते. तू तुझं दावं आण." मी म्हणालो, काका, ही चावी आहे, हिच्याशिवाय गाडी चालू होत नाही. ते म्हणाले, "बैल कसा नेतात? ढकलत ने." दुसरी करून घेण्यापुरती तरी द्या, असे म्हटले, तर दाव्याचे मापसुद्धा देत नाहीत, असे कळले. चावी त्यांनी माझ्यादेखत गोठ्यातल्या खुंटीला टांगली. माझे आजोबा मिठागरावर होते, आमच्या घरी बैल कधी नव्हता. मला हसू आले, पण म्हातारा माणूस मनापासून बोलत होता, म्हणून मी वाद घातला नाही. हँडलला लॉक नव्हते. मी गाडी ढकलत रस्त्यावर आणली व पुढे विठू यांनी वायरी जोडून टाकीखाली बटण बसवून दिले. नवीन लॉक पनवेलहून मागवले आहे, अद्याप आलेले नाही.

परवा सदरची बिनचावीची गाडी घेऊन मी वडखळहून पेणला येत असता नाक्यावर हवालदारसाहेबांनी थांबवले व चावी विचारली. मी बटण दाखवले. विकणाऱ्याने चावी दावं म्हणून त्याच्या घरी ठेवली आहे, असे सांगितल्यावर मी गाडी घेतली आहे की बैल, असे त्यांनी विचारले. नंतर रोह्याहून कळले की हर्षद डोंबिवलीहून परत आला असून त्याने या नंबरच्या गाडीची चोरीची तक्रार दिलेली आहे. खरेदीचा कागद माझ्याकडे काही नव्हता. त्यामुळे गाडी येथील आवारात ठेवून घेतली व मला चौकशीस बोलावले. मला राग आला आणि लाजही वाटली, कारण रस्त्यावर ओळखीची माणसे होती.

काल बायजाबाई मला भेटून म्हणाल्या, "अमोल, तू चोरली नायस ते मला ठाव हाय. पण चोराच्या हातचे डोळे, असं आळीत एकदा बोललं गेलं, तर मी कोणाकोणाची तोंडं धरू?" त्यांनी आखणी थांबवली आहे. दुसऱ्याकडे दिलेली नाही. कारखान्यात मूर्ती डोळ्यांवाचून बसलेल्या आहेत.

आज गोविंदा, सरू व हर्षद हे तिघे एसटीने येथे आले. हर्षद कुबडीवर होता. गाडी तुम्हीच याला विकलीत ना, असे साहेबांनी गोविंदा यांना विचारले. ते जमिनीकडे बघत राहिले. त्यांनी नाही म्हटले असते तर माझ्यापाशी दाखवायला काही नव्हते. मला भीती वाटली.

तेव्हा सरू त्यांना म्हणाल्या, "अवो, बोला. पोर दुसऱ्याचं हाय ते."

गोविंदा म्हणाले, "इकली मी. माझ्या हातानं इकली. पोराला सांगायला तोंड झालं नाय."

हर्षदने त्यांना विचारले, "मग चावी खुंटीला कशाला टांगलीत? चावी घरात नि गाडी नाय, म्हंजे चोरीच झाली असं वाटलं मला. तुम्ही दोघं काय बोललात पण नाय."

"दावं जनावरासंगं देतात का? दावं घरात ऱ्हातं. दावणीला दुसरं यायचं असतं."

"दुसरं कोणतं?"

गोविंदा म्हणाले, "तुझा पाय बरा होऊ दे. जरा गरीब बघू या वेळी."

हर्षद म्हणाला, "बाबा, ह्या चावीनं दुसरी गाडी चालू होत नाय."

त्यावर गोविंदा म्हणाले, "चालू कशाला व्हायला पायजे? खुंटी रिकामी नको." मग त्यांनी धोतराच्या कनवटीतून चावी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली व हात मागे घेतला.

हर्षदने चावी उचलली नाही. तो मला म्हणाला, "दादा, सकाळी थंड असली तर चोक ओढून दोन किक मारा, मग चोक सोडा. पहिल्या गिअरला ताणू नका. पावसात डावीकडचं वळण हळू घ्या." हे सांगत असताना त्याने खिडकीबाहेर गाडीकडे एकदाही पाहिले नाही. नंतर त्याने तक्रार मागे घेतो असे साहेबांना सांगितले व पुस्तक पिशवीतून काढून माझ्या हातात दिले. चोर सापडला तर गाडी सोडवून नेण्यासाठी ते त्याने आणलेले होते.

व्यवहार खरा असल्याने चावीही घेणाऱ्याला द्यावी, असे साहेबांनी सांगितले. परंतु ती मला नको. ती खरिवले यांच्याकडेच राहावी अशी माझी विनंती आहे. लॉक येईपर्यंत मी बटणावर चालवीन. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. गाडी आज सुटल्यास मी सरळ कारखान्यात जाणार आहे.

हा मजकूर हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला, तो खरिवले कुटुंबानेही ऐकला. त्यात एक दुरुस्ती करावी. वर बिनचावीची गाडी असे लिहिले गेले आहे. गाडीला चावी आहे. ती तळेवाडीस गोठ्यात खुंटीला असते, असे लिहावे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करतो.

अमोल रघू मोकल