मामंजींचा सोन्याचा दात

मंगला गौरीच्या देवळात दर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बायका बोलत होत्या.

“शरदिनीवहिनी, काल बालाजी घाटावर कसली गर्दी होती?”

“आमचे हे गंगेत उतरले होते, धातू शोधायचं मशीन घेऊन. मामंजींच्या अस्थींबरोबर त्यांचा सोन्याचा दातही गेला होता ना.”

“तो आता कशाला?”

“आमच्या नंदाच्या लग्नात त्याची नथ करायची आहे.”

“मग सापडला?”

“मशीन एका कासवावर वाजलं. कासव लांब गेलं की गप्प, जवळ आलं की पुन्हा सुरू.”

“गिळला असेल.”

“यांनी धरायला हात घातला, तर कडकडून चावलं.”

“कासवाला दात कुठे असतात?”

“याला एक आहे ना.”

“मग नथीचं?”

“आता त्यांच्याकडे मागायचं कसं? हे हात जोडून उभे राहिले. मी डोक्यावर पदर घेतला.”