पेल्यातला र

...आणि वर नात फोनवरून मलाच म्हणते, 'आज्जी, जीभ सैल सोड.' मला! आजवर कुणाची टाप होती का असं म्हणायची? त्यावर सून मागून, 'आईंची जीभ सैलच आहे गं, पण फक्त माझ्यापुरती.' घ्या.

तर तुम्हाला सांगते, नात लांब दिली, नातजावई स्पॅनिश बोलणारा, पणतीही तेच बोलते, आणि पोरीचं नावच सुरू होतं त्यांच्या त्या लांबलचक र ने. आपला र कसा, एकदा कडी वाजवतो आणि दारात गुमान उभा राहतो. त्यांचा दार उघडेपर्यंत वाजवतच राहतो. व्हिडिओच्या फोनवर मी आपल्या र ने हाक मारली की पोरगी ढुंकून बघत नाही, पाठ करून ठोकळे रचत बसते. पणती ओळख देईना, तर एवढं जगले कशाला, सांगा?

सून म्हणाली, 'शिकवणी लावू या.' शिकवणी? जन्मात कुणाला गुरू केलं नाही मी. पाट्या बघून वाचायला शिकले, जुनी झंपरं उसवून शिवायला शिकले, आणि एका अक्षरासाठी गुरू करू? न्हाणीघरात गेले, जीभ टाळूला लावली, जोर केला, तर कवळीच सुटून मोरीत... धुतली, तिथेच पाण्याच्या पेल्यात ठेवली, आणि बोळक्या तोंडाने स्वयंपाकघरात पुन्हा सुरू केलं, भर दुपारी, थ्थ... थ्थ...

तर न्हाणीघरातून आवाज आला. र्र्र्र.

पंप म्हणावा तर बंद. नळ कोरडा. दार ढकललं... पेल्यातलं पाणी थरथरतंय, आणि आत कवळी, वरची खालचीवर, हळूहळू... मी म्हटलं, 'गप.' गप झाली. हसत होती. कवळी हसणारच म्हणा, तिला दुसरं येतं काय. पण माझ्याकडे बघून हसत होती हो...

बाहेरून सून, 'आई, जमलं की तुम्हाला!'

मी म्हटलं, 'मग? जन्मात कुणाला गुरू केलं नाही मी.'

रविवारी फोन लागला. कवळी तोंडात घातली, तर मुकी. पोरीची पाठ ती पाठच. शेवटी काढली, पेल्यात सोडली, पेला मांडीवर पदराखाली. र्र्र्र... उरलेलं नाव मी कसंबसं जोडलं, आणि पोरगी वळली! ठोकळे टाकून धावत आली, नाक काचेला लावलं, हसली, काहीतरी विचारलं.

नात म्हणाली, 'आज्जी, ती विचारतेय, तुझ्या मागे उभी आहे ती आजी कोण?'

मागे नुसती भिंत होती. मी काही वळून बघितलं नाही. म्हटलं, 'सांग तिला, मीच ती.'

तेव्हापासून कवळी तोंडात यायला राजी नाही. बोट नेलं की चावते. रोज दुपारी मी पेल्यासमोर मांडी घालून बसते, ती म्हणते, मी म्हणते, चुकलं की पाणी अंगावर उडवते... जन्मात कुणाला गुरू केलं नाही हो मी. आणि केलं तर कुणाला? जी मला हिरड्यांनी जेवायला लावून स्वतः पाण्यात बसलीय.