साळ्याने खाल्लेलं सलाड

मला राग सहसा येत नाही, पण त्या संध्याकाळी आला. बायको दवाखान्यातून घरी आली होती आणि दोन घासांवर ताट सरकवत होती. तेल-तिखट बंद. सून फोनवर म्हणाली, "मामाजी, भाज्या भाजून सलाड करा." म्हणून मी तुरीच्या काड्यांच्या विस्तवात वांगं, कोहळं, गाजर, कांदे भाजले, सोलले, लिंबू पिळलं आणि ताटली तिच्यासमोर ठेवली.

तेवढ्यात हिंगणीहून तिचा भाऊ, बाबाराव, तब्येत पाहायला आला. तिने ताटली थेट त्याच्यापुढे केली. "आधी तू खाय. माह्या घरून उपाशी जाशीन का?"

बाबाराव बसला. "भाऊजी, मीठ कमी हाय," म्हणत त्याने कोहळं संपवलं आणि वांग्याला हात घातला.

माझं डोकं फिरलं. मी ताटली ओढून घेतली. "काऊन बे, तब्येत पाह्यले आला का जेवाले? तिच्या पोटात अन्न नाई अन् तू मीठ सांगून राह्यला?"

बायको संतापली. "माहेरच्या माणसापुढचं ताट ओढता? द्या इकडे. मीच खाते सारं, मंग व्हा खूश."

घासागणिक मला शिव्या देत तिने कितीतरी दिवसांनी ताटली साफ केली.

दुसऱ्या दिवशी भाज्या भाजायला ठेवल्या आणि बाबारावला फोन लावला. "संध्याकाळी जेवाले येजो."

"भाऊजी, राग गेला का?"

"नाई गेला. म्हणूनच ये."