फ्रिजमागचा शर्ट

समोरच्या बाईच्या शालीच्या एकाच कोपऱ्यावर बुरशीचे बारीक काळे ठिपके होते. रिओच्या टेकडीवरच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या एदिलेनीची नजर तिथेच खिळली. बाई खोकत होती. शेजारी तिची धाकटी बहीण दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, अजून पोराचा शर्ट फ्रिजमागच्या उबेतच वाळवतेस?"

"मग पोलिसाचा शर्ट गच्चीवर टाकू? सगळी वस्ती बघेल. इथं पोलीस म्हणजे वैरीच."

"भिंतींना ओल आलीय, तुझी छाती भरलीय."

"शेजारणींना सांगितलंय, पोरगा बस चालवतो."

"वा! तिकीट मागितलं कुणी तर?"

"हस तू. घरी कुणाला कॉफीला बोलावता येत नाही मला."

"शेजारची लुर्देससुद्धा येत नाही?"

"खोकला ऐकला की सूप आणते. मी दारातूनच घेते."

"तिचा मुलगा पोलिसांच्याच गोळीनं गेला ना गं?"

"माझ्या पोराच्या नाही!"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"अंगात शर्ट मात्र त्याच पोलिसांचा."

आतून हाक आली, "झुल्मिरा!" ती उठली, शाल सावरली, आणि वळून, न दबकता, मोकळ्या आवाजात म्हणाली,

"आज सूप आणलं, की लुर्देसला आत बोलावणार आहे. शर्ट तिथेच असू दे, तिला दिसला तर दिसू दे."