दोन सरकारांची एक तार

...आणि वर मलाच विचारतात, वकीलसाहेब, एका सहीला इतका उशीर? आता काय सांगू! तुम्हाला सांगतो, विलायतेतून कायद्याची पदवी आणली, उभा जन्म चांद्याला वकिली केली, तरी सही करण्याआधी कागद दहादा वाचतो. मी चुकत असेन, पण...

म्हणजे बघा, प्राणहितेच्या पलीकडे वीजघर, ते हैदराबाद राज्यात. अलीकडे धान कांडणाऱ्या सोनीबाईचं गाव, तिथं धान भरडायची गिरणी बसायची, ते मध्य प्रदेशात. मधे नदीवरून तार. आणि पैसा कुणाचा? सातासमुद्रापलीकडच्या पेढीचा! पेढीचा साहेब म्हणे, वकिलाचं लेखी मत मिळाल्याशिवाय दमडी सोडणार नाही. "वकीलसाब, झगडा होगा तो कौन कोर्ट?" अलीकडचं म्हणावं तर पलीकडचे रुसतात, पलीकडचं म्हणावं तर आमचे! आणि साहेबाला हवं कुणाचंच नसलेलं कोर्ट. ते मी कुठून आणू?

तेवढ्यात सोनीबाई ओट्यावर. "भाऊ, सही काऊन करत नाई जी? धान कांडू कांडू खांदे गेले आमचे!" सांगितली तिला अडचण. तर हसली हो! "त्या काठच्या लोकाइशी सोयरिकीचं भांडण झालं, तं आमी नदीतल्या रेतीवर बसतो. थे कोनाचीच नाई."

साहेब एकदम खूश! पण शंकेखोर. "और बारिश में?"

"पावसायात धानाचा रोवना असते. भांडाले सवड कोनाले हाय?"

घातलं की त्याने ते करारात! दोन्ही काठांचे पंच, तिसरा परदेशी, बैठक रेतीवर, पावसाळा वगळून. केली सही. मी चुकत असेन, पण केली.

आणि छप्पन सालच्या नोव्हेंबरात काय झालं? करार करणारी दोन्ही राज्यं बदलली! पलीकडचा काठ आंध्रात, अलीकडचा मुंबई राज्यात. साहेब धावत आला. "वकीलसाब, जिसने दस्तखत किया, वो किधर गया?" मी समजावलं, बाबा रे, पोरं बापाचं घर घेतात तशी देणीही घेतात, नवं राज्य जुन्याचा शब्द पाळतं.

"पक्का?"

"बहुधा."

बहुधा म्हणालो आणि साहेबाने पुढच्या हप्त्यावर सही न करताच पेनचं टोपण लावलं! सोनीबाई दारातूनच कडाडली, "कायचं बहुधा? सिद्दं हो म्हना ना, भाऊ!"

म्हणालो हो. लिहूनही दिलं, की हा काठ यापुढे मुंबई राज्यातच राहील. सरकारावर भरवसा होता म्हणून नव्हे हो, बाई दार सोडेना म्हणून! मी चुकत असेन, पण आता खांब उभे आहेत, गिरणीचं यंत्र आलंय, फक्त तार ओढायची राहिलीय. तिचा शेवटचा हप्ता द्यायला साहेब आत्ता आत बसून चहा पितोय, बाहेर सोनीबाई सगळं गाव घेऊन बसलीय...

आणि आजच्या पेपरात काय? मुंबई राज्य फुटणार!

पेपरावर मीच बसलोय. साहेबाला मराठी वाचता येत नाही, कायद्याला आता तेवढाच आधार उरलाय.