चाकाशेजारची मंदा

आमच्या हनिमूनचे फोटो तुम्ही कुणीच पाहिले नसतील, म्हणून सांगतो. तेव्हा रोलचे कॅमेरे होते आणि मला विमानांची छोटी मॉडेलं बनवायचा नाद. दिल्लीच्या संग्रहालयात खरं लढाऊ विमान दिसलं आणि मी अख्खा रोल त्याच्यावरच संपवला. घरी मॉडेल करताना समोर फोटो हवेत ना! मंदा बिचारी सांगेन तिथे उभी राहत होती.

नाशिकला परतल्यावर सासूबाई गंगापूर रोडला आमच्या घरी फोटो बघायला आल्या. चाक, पंख, शेपूट, पुन्हा चाक.

"जावईबापू, आमची मंदा कुठंय?"

"ही काय, चाकाशेजारी. चाकाची उंची कळावी म्हणून उभी केलीय."

सासूबाईंचा चेहरा पडला. मंदाने फोटो हातात घेतला आणि हसायलाच लागली.

"अगं आई, नीट बघ. चाक पुसट आलंय, मी मात्र स्पष्ट!"

खरंच की! नकळत मी फोकस तिच्यावरच केला होता.

"मग आता मॉडेल कशावरून करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"परत जाऊ की दिल्लीला," मंदा माझ्याकडे बघून म्हणाली. "या वेळी फोटो मी काढते. तुम्ही उभे राहा चाकाशेजारी."