पुरलेल्या ओगोलाची आई

नको, पुढं नको येऊस. कुंपणाबाहेरच उभा राहा. ओळखलं रे, ओळखलं — आईला का नाव सांगावं लागतं? हाडांवर कातडं राहिलंय नुसतं, तरी ओगोला, डावा खांदा पाडून उभं राहायची खोड काही गेली नाही तुझी. ही आंबील घे आधी. हाताला हात लागू देऊ नकोस, तुंबा खाली ठेवते, मग उचल. सावकाश पी.

काय बघतोस तिकडं? हो, तुझंच घर. छपराच्या शेंड्यावरची काठी नाही, बरोबर. काढली. धनी गेला की काढतातच. तुला पुरलं आम्ही, बाळा — दोन पेरण्या झाल्या त्याला. देह नव्हता, मग यागोचं फळ पुरलं, तुझा काका सरोवरात बुडाला तेव्हा पुरलं होतं ना, तसंच. चांगलं हातभर लांब फळ मी स्वतः शोधून आणलं. तुझ्या दाराच्या उजव्या अंगाला खड्डा खणला, बैल कापला, तुझ्या बायकोनं, आलुओचनं, डोकं भादरलं. सगळं गाव रडलं. कमी काही केलं नाही हो तुझं.

कुणी सांगितलं म्हणून काय विचारतोस? ओयुगीनं. तुझ्याबरोबर एकाच दोरीला बांधून नेला होता ना मुकादमानं, तो आला परत. इंग्रजाचं आणि जर्मनाचं भांडण, बंदुका त्यांच्या, राज्य त्यांना हवं — आणि त्यांच्या पिठाची पोती वाहून मेली कोण, तर आमची पोरं! तेवीस गेली इथनं, चार आली. तू पाचवा — नाही, पाचवा नाहीस तू, तेच तर सांगतेय. तर ओयुगी म्हणाला, ओगोला हगवणीनं रस्त्याच्या कडेला पडला, आम्हाला थांबू दिलं नाही. मेला म्हणाला? हो, म्हणाला — म्हणजे पडला म्हणाला. डोळे उघडे होते म्हणाला. मेला असं मी म्हणाले. गावातल्या म्हाताऱ्यांसमोर मीच म्हणाले.

असा बघू नकोस माझ्याकडं. लढाईवरनं आलेल्यांनी ताप आणला, त्यात तुझा बाप तीन दिवसांत गेला. आलुओचचे भाऊ इथं ठाण मांडून — नवरा जिता का मेला ते सांगा, नाहीतर बहीण परत द्या. तू मेल्याशिवाय तुझ्या धाकट्या भावानं, ओडेरानं, तिला सांभाळायचं कसं? ती गेली असती तर तुझं नाव बुडालं असतं. तुझ्या नावासाठीच केलं रे! आणि — आणि माझ्यासाठी. घर खायला उठत होतं. पोर हवं होतं मला घरात.

झालं पोर. ओडेराचं, पण धरायचं तुझंच, मेलेल्याचंच धरतात. ओगोला ठेवलंय नाव. चार दात आलेत, हाक मारली की हसतंय. आता तूच सांग, पुरलेला माणूस घरात शिरला तर घरातलं सगळ्यात लहान जातं म्हणतात, ते खोटं असेल? असेलही! पण ते कुणाच्या जिवावर बघू मी? शेळी कापून निस्तरेल म्हणतोस — विचारून झालंय माझं. तू स्वप्नात यायचास, तेव्हाच म्हाताऱ्यांना जाऊन विचारलं होतं, चुकून आलाच तर काय? उतारा नाही म्हणाले. तीन वर्षांनी चालत आलास आणि मी तुला दारात — जळो माझं तोंड.

सरोवरापलीकडं जा, मामाकडं. दुसरं नाव सांग. मी येईन कधीतरी, खरंच येईन. तोंड फिरव, तोंड फिरव, ती येतेय पाणी घेऊन, कडेवर तो आहे. नको रे बघूस. एकदा बघितलंस की पाय निघायचा नाही तुझा. चल. चल माझ्या राजा —

कुणी नाही गं, आलुओच! कुणीतरी वाट चुकलेला. हो, चाललाय तो.